“हे कशावरून?” : विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या लोकमान्य नगरात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा मराठी मंडळी जमतो. पोहे-जिलबी हे निमित्त आणि वाचन हे कारण. काहींच्या बाबतीत उलट. गेली दोन वर्षं आम्ही विज्ञानाचं तत्त्वज्ञान वाचतो आहोत. मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर काढली, एवढ्या एका कारणावरून “ताई, तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हीच सांगा” असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं माझी आहेत. गटातल्या निम्म्या लोकांना ती पटलेली नाहीत.

विज्ञानाचं तत्त्वज्ञान म्हणजे नेमकं काय?

“हे कशावरून?” हा लहान मुलाचा प्रश्न मोठेपणीही सोडायचा नाही, हेच.

रिपोर्टवर छापून येतं: उपाशीपोटी साखर १२६. कशावरून? मशीन सांगतं. पण मशीनला साखर दिसत नाही. रक्तातल्या सीरममध्ये आम्ही एक एन्झाइम घालतो, त्यातून गुलाबी रंग तयार होतो, आणि तो रंग किती प्रकाश शोषतो तेवढंच मशीन मोजतं. रंग गडद म्हणजे साखर जास्त, हे कशावरून? ज्याची साखर आधीच माहीत आहे अशा नमुन्यावरून, म्हणजे कॅलिब्रेटरवरून. त्याची साखर बरोबर लिहिली आहे, हे कशावरून? त्याच्याही वरच्या एका प्रमाण-द्रावणावरून. ही साखळी कुठे संपते? आणि संपतच नसेल, तर तिच्या भरवशावर डॉक्टर आयुष्यभराची गोळी कशी लिहून देतात? विषय इथून सुरू होतो.

शाळेत शिकवतात की आधी निरीक्षण आणि मग सिद्धान्त. आता १२६ हे निरीक्षण म्हणायचं का? त्यात एन्झाइमचं रसायनशास्त्र आहे, प्रकाशाचा नियम आहे, काचेच्या नळीची जाडी आहे. निरीक्षणाच्या पोटात आधीच तीन-चार सिद्धान्त बसलेले असतात. हे मला २० वर्षं काम केल्यावर, तेही मशीन बंद पडल्यावर कळलं.

पण विज्ञान गोष्टी ‘सिद्ध’ करतं ना? टूथपेस्टवरही लिहिलेलं असतं.

टूथपेस्टवर लिहिलेलं असतं, हे खरं.

सिद्धता भूमितीत असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे एकदा दाखवलं की प्रत्येक त्रिकोण मोजत बसावं लागत नाही. विज्ञानात तसं नसतं. तिथे पुरावा जमतो, वाढतो, कधी कमीही होतो.

आपल्या भाषेने इथे थोडा घोळ घातला आहे. इंग्रजीत ‘थिअरी’ हा शब्द बोलताना हलका वाटतो, त्यामुळे तिकडचे लोक “ही नुसती थिअरी आहे” म्हणून उत्क्रांती उडवून लावतात. आपल्याकडे शब्द आहे ‘सिद्धान्त’, आणि तो कानाला इतका भारदस्त वाटतो की त्यापुढे कोणी बोलूच नये. आपली चूक उलट्या बाजूने होते. पण जुन्या लोकांना हा शब्द एवढा जड वाटत नव्हता. इथून ५५ किलोमीटरवर, उज्जैनच्या परिसरात, सहाव्या शतकात वराहमिहिराने खगोलशास्त्राचे पाच वेगवेगळे सिद्धान्त एकत्र मांडले. त्या ग्रंथाचं नावच ‘पंचसिद्धान्तिका’. आणि त्याने सरळ गुण दिले आहेत: पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, सौर सर्वांत अचूक, उरलेले दोन बरेच चुकलेले. त्या उरलेल्या दोनांपैकी एक पैतामह, म्हणजे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाच्या नावाचा. नाव कोणाचं आहे हे न बघता गणित आकाशाशी जुळतं का हे बघितलं. सिद्धान्त म्हणजे शेवटचा शब्द, असं तेव्हाही कोणी मानलेलं दिसत नाही.

सूर्य आजवर रोज उगवला, म्हणून उद्याही उगवेल. यात चूक काय?

व्यवहारात काहीच नाही. तर्कात मात्र भोक आहे, आणि ते अजून कोणी पूर्ण बुजवलेलं नाही.

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९ मध्ये हा प्रश्न असा मांडला की पुढे सगळे त्याच्याभोवतीच फिरत राहिले. आजवर घडलं तसंच पुढे घडेल, असं आपण धरून चालतो. का? कारण आजवर हे धरून चालणं उपयोगी पडलं. म्हणजे जे दाखवायचं तेच गृहीत धरलं. याला विगमनाचा प्रश्न म्हणतात.

गटात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संस्कृतच्या एक निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, “हे आपल्या चार्वाकांनी केव्हाच विचारलंय.” खरंच विचारलंय. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे कधीही न तुटणारी जोडी, तुम्ही जगातल्या सगळ्या धुरांसाठी कशी सांगता? मागचे धूर तुम्ही पाहिले नाहीत, पुढचे तर अजून निघायचेच आहेत.

नैयायिकांनी, म्हणजे आपल्या न्यायशास्त्राच्या (तर्कशास्त्राच्या) पंडितांनी, यावर जे काम केलं ते मला ह्यूमपेक्षा जास्त आवडतं, कारण ते हात घालून केलेलं आहे. त्यांनी विचारलं, व्याप्ती फसते तेव्हा ती नेमकी कशामुळे फसते? “जिथे धूर तिथे अग्नी” हे टिकतं. “जिथे अग्नी तिथे धूर” हे टिकत नाही. त्यांचं उदाहरण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं आहे; आपण माळव्यातले, आपल्याला बाफल्यांचं पुरे. गोवऱ्या पेटवताना डोळे चुरचुरतात, पण बाफले भाजायला ठेवतो तेव्हा नुसते निखारे असतात, आग भरपूर आणि धूर नाही. मग धूर कशाने येतो? सरपण ओलं असल्याने. या लपून बसलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आणि त्यांचा सल्ला असा की नियम सांगण्याआधी उपाधी शोधा, जंग जंग पछाडून शोधा. नाही सापडली तर पुढे चला. आज वैद्यकीय संशोधनात ‘गोंधळ घालणारे घटक’ म्हणून ज्यांची यादी करतात, ती उपाध्यांचीच.

“पण न सापडलेली उपाधी असेलच, तर?” यावर उदयनाचार्य आणि पुढे गंगेश या नैयायिकांचं उत्तर असं: शंका घ्या, पण तुमच्याच वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंतच. आग-धुराच्या संबंधावर शंका घेणारा माणूस धूर हवा असला की आगच पेटवतो आणि भूक लागली की जेवतोच. ह्यूमचा प्रश्न याने सुटला असं मी म्हणणार नाही. लॅबमध्ये मात्र मी रोज याच उत्तरावर जगले.

पॉपरने हा प्रश्न सोडवला, असं ऐकलं होतं.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विगमनाचा प्रश्न सोडवला नाही, बाजूला सारला. त्याचं १९३४ चं म्हणणं थोडक्यात असं: हजार पांढऱ्या बगळ्यांनी “सगळे बगळे पांढरे” हे सिद्ध होत नाही, पण एका काळ्या बगळ्याने ते खोटं ठरतं. तेव्हा पाठिंबा गोळा करत बसू नका. सिद्धान्ताला असं काही बोलायला लावा की तो चुकला तर लगेच पकडला जाईल.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते: एकदा जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, एकदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. (जुलैत बहुधा ढग असतात, तेव्हा जून गाठा.) दिवस आधी सांगता येतो, मिनिटही सांगता येतं. सावली राहिली तर सांगणारा उघडा पडतो. आणि हेच खगोलशास्त्र सांगतं की ग्वाल्हेरला ही सावली कधीच नाहीशी होणार नाही, कारण ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. याउलट “या काळात प्रवासाचे योग, मात्र सावधगिरी बाळगावी” हे कधी चुकणार? तुम्ही छप्पन दुकानापर्यंत, आपल्या इथल्या खाऊगल्लीपर्यंत, गेलात तरी प्रवास झालाच.

म्हणजे एक प्रयोग फसला की सिद्धान्त बाद?

नाही, आणि इथेच पॉपरचं सोपं रूप तोकडं पडतं.

सकाळी आम्ही रुग्णांचे नमुने लावण्याआधी कंट्रोल लावत असू, म्हणजे ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना. एखाद्या दिवशी कंट्रोलची साखर १०० च्या जागी १३० यायची. तेव्हा कोणी “एन्झाइमचं रसायनशास्त्र खोटं ठरलं” असं ओरडत नसे. आधी रिएजंटची (चाचणीच्या रसायनाची) तारीख, मग पिपेट (द्रव मोजून घालायची नळी), मग दिवा, मग तापमान. चाचणीत सिद्धान्त एकटा कधीच उभा नसतो, सोबत गृहीतकांची अख्खी वरात असते. बिघाड वरातीत कुठे आहे हे निसर्ग सांगत नाही.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. न्यूटन चुकला म्हणायचं का? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए म्हणाला, पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असेल. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये गॅलेने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधही थोडा चुकत होता. त्याची कक्षा शतकाला ४३ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला) एवढी जास्त सरकत होती. ल व्हेरिएने तीच युक्ती पुन्हा केली: सूर्याजवळ एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन नावही मिळालं, काहींनी “दिसला” असंही कळवलं. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षणातून ते ४३ नेमके बाहेर पडले. तोच माणूस, तीच युक्ती, एकदा वरात चुकली होती आणि एकदा नवरदेव. आधी ओळखायची काही किल्ली असती तर मी दिली असती.

अलीकडचं उदाहरण २०११ चं. जिनिव्हाजवळून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत, सुमारे ७३० किलोमीटर, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. संशोधकांनी जाहीरच केलं की आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. काही महिन्यांनी फायबरची एक वायर नीट बसली नव्हती असं निघालं. लोक हसले. मला ते जाहीर करणं फार आवडलं होतं.

‘इंदूर पद्धत’ म्हणून खताची पद्धत जगभर प्रसिद्ध आहे. ती वैज्ञानिक होती का?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाला आले आणि १९२४ ते १९३१ इंदूरला होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती-संशोधन संस्था चालवली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. प्रश्न साधा होता: शेतात पऱ्हाट्या, तण, पाचट, शेण एवढं पडतं, त्याचं चांगलं खत कमी वेळात कसं करायचं? उत्तर म्हणजे थर. काडीकचरा, त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती, थोडी राख. ओल राखायची, हवा खेळती ठेवायची, ढीग दोन-तीनदा उलटवायचा. सुमारे तीन महिन्यांत खत. १९३१ मध्ये त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून हे पुस्तकात मांडलं. (वाड हे आपले मराठी. इंदूर पद्धतीबद्दल बोलताना त्यांचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मी दरवेळी घेते.)

आता “हे कशावरून?” लावून बघा. खड्ड्याची मापं छापलेली, थरांचा क्रम छापलेला, उलटवण्याचे दिवस छापलेले. कोणालाही करून बघता येत होतं आणि लोकांनी केलंही; चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत ते पोचलं. ढिगात काय घडतं तेही स्वतंत्रपणे कळलं: सूक्ष्मजीव, उष्णता, कर्ब आणि नत्राचं प्रमाण. हॉवर्ड कोण होते, त्यांना ‘सर’ पदवी होती की नव्हती, याने त्या ढिगाला काही फरक पडत नाही. हा दावा टिकला, कारण तो त्यांच्या हातातून सुटून हजार अनोळखी हातांत गेला आणि तरी चालला.

पण हॉवर्ड तिथे थांबले नाहीत. निरोगी माती म्हणजे निरोगी पीक, निरोगी पीक म्हणजे निरोगी जनावर आणि माणूस, असं त्यांचं मोठं म्हणणं होतं. १९४० च्या पुस्तकात ते लिहितात की त्यांच्या बैलांनी लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक घासलं, तरी त्यांना काही झालं नाही. कारण? चांगल्या मातीतला चारा.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावले. दुसऱ्यांदा वाचताना लॅबची सवय जागी झाली. बैल किती? मोजकेच. शेजारी साध्या चाऱ्यावरचे तसेच बैल ठेवून, त्यांनाही तसंच नाक घासू दिलं का? नाही. या बैलांना आधी कधी सौम्य लागण होऊन गेली होती का? कोणी बघितलं नाही. नैयायिक असता तर म्हणाला असता, उपाधी शोधलीच नाही. दावा खोटा आहे असं यातून निघत नाही. तो उभा राहिला नाही, एवढंच निघतं.

आणि गंमत अशी की हॉवर्ड इंदूरला होते नेमक्या त्याच काळात, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती-संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ शेतातल्या प्रयोगांचं गणित बसवत होता. तिथल्या ब्रॉडबॉकच्या शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचे प्रयोग चालू आहेत. फिशरचं म्हणणं: शेताचे छोटे वाफे करा, कोणत्या वाफ्याला काय घालायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे तुमची आवड-निवड आणि जमिनीचा उंच-सखलपणा यांचा हात त्यात राहणार नाही. हॉवर्डना हे छोटे वाफे अजिबात पटत नव्हते. शेत हे एक अखंड जगणारं काही आहे, त्याचा चौकोनी तुकडा कापून शेत कळत नाही, असं ते म्हणत.

गटात यावर दोन रविवार भांडण झालं. शेती असलेले एक काका पूर्ण हॉवर्डच्या बाजूने: “भिया, वाफ्यात जे उगवतं ते माझ्या देपालपूरच्या रानात उगवत नाही.” त्यांची हरकत खरी आहे. प्रयोगाच्या चौकटीतलं उत्तर चौकटीबाहेर चालेल, हे वेगळं दाखवावं लागतं. पण माझं मत असं की हॉवर्डनी या खऱ्या हरकतीचा आडोसा केला. वाफे नकोत तर नकोत, पूर्ण शेतं घ्या, दहा घ्या, चिठ्ठ्या टाका, दहा वर्षं बघा. अखंडतेची तपासणी अवघड असते, अशक्य नसते. माणूस एकच, माती एकच. त्याचा एक दावा टिकला आणि दुसरा लटकत राहिला. म्हणून “हॉवर्ड वैज्ञानिक होते का?” हा प्रश्न मला नीटसा कळतच नाही. कोणता हॉवर्ड, कोणत्या पानावरचा?

आमच्या आत्याची कावीळ झाडपाल्याच्या औषधाने गेली. हा पुरावा नाही?

आत्या बरी झाली हा पुरावा आहे. कशाने बरी झाली, याचा नाही.

दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. मी बिलिरुबिनचे (काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे) आकडे चढताना-उतरताना शेकड्यांनी पाहिले. ज्यांनी औषध बांधलं, ज्यांनी माळ घातली, ज्यांनी काही केलं नाही, सगळ्यांचे उतरत होते. माणूस औषधाकडे जातो तोही त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतारच असतो. म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो, औषध न घेतलेला. आणि काहींची कावीळ उतरत नाही, यकृत निकामी होतं. ते लोक झाडपाल्याचं कौतुक करायला येत नाहीत. तेव्हा कावीळ दिसली की आधी डॉक्टर.

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच ना?

समजा (आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत) हजार माणसांत १० जणांना आजार आहे. टेस्ट आजारी दहांतले ९ पकडते आणि निरोग्यांपैकी १०० तले ५ चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ९९० निरोग्यांतले साधारण ५० पॉझिटिव्ह येणार. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यांतले खरे ९. म्हणजे सहा-सात पॉझिटिव्हमध्ये खरा आजारी एक! आता साथ आली, हजारात ४०० आजारी झाले. तीच टेस्ट, तीच बाटली: खरे पॉझिटिव्ह ३६०, खोटे ३०. आता पॉझिटिव्ह म्हणजे जवळजवळ नक्की.

पुराव्याचं वजन पुराव्यात मावत नाही. आधी काय माहीत होतं त्यावरही ते ठरतं. १८ व्या शतकातल्या टॉमस बेझ या पाद्र्याने हे गणित लिहून ठेवलं आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, ते छापलं गेलं. डॉक्टर “पुन्हा करून घ्या” म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी कमिशनच असतं असं नाही. (कधी असतंही.)

कोविडमध्ये शास्त्रज्ञ रोज मत बदलत होते. विश्वास कसा ठेवायचा?

आधी भाज्या सोड्याने धुवा, मग हवेतून पसरतो, मास्क लावा. आठवतंय, आम्हीही कोथिंबीर धुवून धुवून बेचव केली होती. नवा पुरावा आल्यावर मत बदललं याचा मला राग नाही. पहिलं मत सांगताना आवाजात नको तेवढी खात्री होती, याचा आहे.

जे कोणी पाहिलंच नाही, त्याबद्दल विज्ञान कसं बोलतं? डायनासोर कोणी पाहिलेत?

कोणी नाही. पण धार जिल्ह्यात, बाघच्या बाजूला, त्यांची अंडी आहेत. २०२३ च्या जानेवारीत छापलेल्या संशोधनात तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची.

इथे प्रयोग पुन्हा करता येत नाही, म्हणून काही लोक म्हणतात हे ‘खरं’ विज्ञान नव्हे. मग पोलिसांनी चोरी शोधणंही सोडावं. भूतकाळातल्या घटनेचे धागे पुष्कळ उरतात, आणि ते एकमेकांना न विचारता एकाच दिशेला बोट दाखवतात की नाही, हे बघायचं असतं. अंड्याच्या कवचाची सूक्ष्म रचना हा एक धागा. ते कोणत्या थराच्या खडकात सापडलं हा दुसरा. त्या थरावर आपल्या माळव्याचा काळा बेसाल्ट चढलेला आहे, ज्याच्या लाव्हाचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून सुमारे साडेसहा कोटी वर्षं निघतं, हा तिसरा. कवच बघणारा, खडक बघणारा आणि वय काढणारा यांची उपकरणं वेगळी, चुका करण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. तिघेही सारखंच चुकतील, तेही एकाच बाजूला, हे मानायला जास्त श्रद्धा लागते.

इलेक्ट्रॉन खरोखर असतो, की हिशेबापुरता मानलेला?

यावर तत्त्वज्ञांत दोन तट आहेत आणि दोन्हींत हुशार माणसं आहेत. एक तट म्हणतो, दिसत नाही त्याबद्दल “आहे” म्हणू नका. हिशेब जुळतो तेवढंच म्हणा. बुद्धीने मला या तटाचं म्हणणं खोडता येत नाही.

पण आपल्याच गावात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ नावाचं कडं आहे. परीघ सुमारे १७२ मीटर, म्हणजे शाळेच्या मैदानाला एक फेरी. त्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेऊन फिरवतात, सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या. चुंबकांनी वळवलं की ते क्ष-किरण सोडतात आणि त्या क्ष-किरणांनी तिथली मंडळी प्रथिनांची रचना बघतात, धातू तपासतात. ज्याला वळवता येतं, ज्याचा गुच्छ करता येतो, ज्याच्या उजेडात दुसरं काही शोधता येतं, ते नुसतं हिशेबातलं कसं? तत्त्वज्ञ इयन हॅकिंगने १९८३ मध्ये साधारण हेच म्हटलं होतं. मी या बाजूची.

कून म्हणतो की विज्ञान म्हणजे कळपाची मान्यता. मग खरं-खोटं राहिलं कुठे?

विज्ञानाचा इतिहासकार टॉमस कून याने १९६२ मध्ये एवढं दाखवलं की शास्त्रज्ञ बहुतेक वेळ एका ठरलेल्या चौकटीत काम करतात आणि चौकट मोडणं अवघड असतं. “म्हणून सगळंच सापेक्ष” हे त्याच्या वाचकांनी जोडलं, आणि तो पुढे आयुष्यभर ते नाकारत राहिला.

विज्ञानातही लबाडी आणि फालतू संशोधन चालतं. मग?

चालतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळच्या ९७ टक्क्यांमध्ये ‘लक्षणीय’, म्हणजे सहज योगायोग म्हणता येणार नाही असा, निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांमध्येच आला. हे भयंकर आहे. आणि हे मानसशास्त्राच्याच लोकांनी शोधून स्वतः छापलं. भविष्यांच्या अशा १०० तपासण्या भविष्यवाल्यांनी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

स्वतःला फसवून बघायची आणखी एक तऱ्हा सांगते. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पात २०१० मध्ये मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा संकेत यंत्रात सोडला. बाकीच्या शेकडो जणांनी तो पकडला, महिनोन्‌महिने तपासला, निबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये गुपिताचं पाकीट उघडलं: खोटा होता. खरी लहर आली १४ सप्टेंबर २०१५ ला, तेव्हा पहिली शंका सगळ्यांना हीच की पुन्हा कोणी सोडली नाही ना! याच प्रकल्पाची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, आणि त्या कामात आपल्या इंदूरचं राजा रामण्णा केंद्रही आहे.

मी साधा माणूस. मला स्वतः काही तपासता येत नाही. मग माझा विज्ञानावरचा विश्वास आणि श्रद्धा यात फरक काय?

तुमचंच काय, शास्त्रज्ञालाही आपल्या विषयाबाहेर हाच मार्ग. न्यायशास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात आणि ते सांगणारा ‘आप्त’ असावा लागतो. आप्त म्हणजे मराठीतला नातेवाईक नव्हे! ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने स्पष्ट म्हटलंय की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. जात-पात-पदवी नाही.

आप्त ओळखायची माझी घरगुती रीत अशी. हा चुकला तर कोणाला कळेल? कळलं तर त्याला काही भोगावं लागेल का? त्याची चूक काढण्यात ज्यांचा फायदा आहे अशा लोकांनी त्याला तपासलंय का? तिन्हींचं उत्तर “नाही” असेल तर समोर पांढरा कोट असो की भगवी कफनी, मी वही मिटते.

तुम्ही स्वतः कधी चुकलात का?

हा प्रश्न गटातल्या एका दहावीच्या मुलीने विचारला, म्हणून नीट सांगते.

आमची लॅब वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता तपासणीत होती. दर महिन्याला तिथला एक नमुना तपासायचा. उत्तर आम्हाला माहीत नसतं. आकडे कळवायचे आणि नंतर बाकीच्या लॅबच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते कळतं. एका महिन्यात आमचं सगळंच जास्त निघालं: साखर, युरिया, कॅल्शियम, सगळं. रोजचा कंट्रोल तर चोख होता. मी ठामपणे म्हणाले, “नमुना उन्हात आला असणार.” मे महिना होता, सगळ्यांना पटलं.

आमच्याकडे तेव्हा नवीन लागलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, “मॅडम, उन्हाने एन्झाइम खराब होऊन कमी यायला पाहिजेत. इथे सगळंच वाढलंय, आणि जवळपास सारख्याच प्रमाणात.” मला राग आला. मग लक्षात आलं की तो बरोबर बोलतोय. हा नमुना कोरड्या भुकटीच्या रूपात येतो, त्यात मोजून डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. पाणी कमी पडलं की सगळंच वाढणार. रोजचा कंट्रोल तयार द्रव होता, त्याला पाणी लागत नव्हतं, म्हणून तो चोख. आम्ही पिपेट बघितली. शेवटचा थेंब फुंकून काढायची जात होती ती, आणि पाणी घालणाऱ्याने थेंब आतच ठेवला होता.

पाणी मीच घातलं होतं. त्या पिपेटला त्या मुलाने लाल टेपची पट्टी गुंडाळली, त्यावर बॉलपेनने ‘फुंका’ असं लिहिलं, आणि मी निवृत्त झाले त्या दिवशी ती तशीच स्टँडवर होती.